हसणारा अनारसा आणि पातेल्यातली खरवड

अनारसा हसतो, माहीत आहे? तुपात सोडल्या सोडल्या तो फुटून विरघळत पसरला, की आजी कपाळावर हात मारायची, ‘अगं बाई, हसला!’ गूळ जरा जास्त पडला की तो हमखास हसतो. तांदूळ ३ दिवस भिजवा, रोज पाणी बदला, मग कापडावर पसरून ओलसर असतानाच कुटा, गूळ घालून गोळे मुरवा, एवढं सगळं करून शेवटी कढईत पचका! नीट जमलेला अनारसा खसखशीवर थापतात, खसखशीची बाजू वर ठेवून तळतात आणि उलटत नाहीत. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. मग पडते ती जाळी.

अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे देतात ते या जाळीमुळेच. वाणाला जाळीदार पदार्थ हवा. आणि ३३च का? अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, म्हणून पूर्ण आकडा धरून ३३. आता मिठाईवाल्याकडे मोजलेला डबाच मिळतो.

चव नकोशी झाली म्हणून अनारशासारखे पदार्थ मागे पडले, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना लागणारे हात घरात उरले नाहीत. गव्हले बघा ना! रव्याची घट्ट भिजवलेली कणीक चिमटीत घेऊन तांदळाच्या दाण्याएवढे वळायचे. बोटांवर वळले ते बोटवे, नखाने दाबल्या त्या नखुल्या. एका खिरीपुरते करायलाही चार बायका आणि एक अख्खी दुपार लागायची. लग्नाच्या रुखवतात ते अजून दिसतात, पण खीर करून खातं कोण?

दशमी मात्र प्रवासाची. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, म्हणून ती मऊ राहते. शिवाय दुधात भिजवलेलं सोवळ्याच्या नियमातही चालायचं, त्यामुळे वाटेत कुठेही फडकं सोडून खाता यायची. सातूच्या पिठाला तर चूलही नको. गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं. गंमत म्हणजे सातू म्हणजे जव, पण आपल्या घरोघरच्या सातूच्या पिठात बहुतेक वेळा भाजलेले गहू आणि डाळंच असतं.

माझा जीव अडकलाय तो चिकात. कुरडयांसाठी गहू ३ दिवस भिजायचे, वाटून पिळायचे, चोथा बाजूला आणि खाली बसलेलं पांढरंशुभ्र सत्त्व म्हणजे चीक. पहाटे तो शिजायला लागला की आई दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरून घोटायची. दुधी रंग जाऊन काचेसारखी झाक आली की शिजला. सोऱ्यात भरण्याआधी आम्हा पोरांच्या वाट्यांत एकेक डाव पडायचा. ताईला दूध-साखर, मला कच्चं तेल आणि तिखट. गच्चीवर कुरडया पडेपर्यंत इकडे पातेल्याच्या तळाची खरवड कोणाची, यावरून भांडण पेटलेलं असायचं.

हल्ली चिकाची तयार पावडर मिळते. दहा मिनिटांत शिजतो. मी तो मुद्दाम थोडा खाली लागू देते आणि सगळ्यांची जेवणं झाली की उलथनं घेऊन पातेल्यापाशी बसते.