मोहरीच्या वासावर येणारी अळी

कोरड्या मोहरीचा डबा उघडला तर नाकाला काही कळत नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की झणका थेट मस्तकात जातो. मोहरीच्या दाण्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि मायरोसिनेज हे विकर असतं. पण दोघांची घरं वेगळी. दाणा चिरडला की ती एकत्र येतात आणि झोंबणारं तेल तयार होतं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा ही सगळी याच कुळातली, आणि प्रत्येकाच्या पानात हीच व्यवस्था आहे. पान चावणाऱ्या किड्याच्या तोंडातच मोहरी फेसली जावी, असा हा बंदोबस्त. बहुतेक किडे त्याला भिऊन लांब राहतात.

चौकोनी ठिपक्यांचा पतंग मात्र राहत नाही. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा राखाडी-तपकिरी जीव पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटींची ओळ दिसते. त्याची हिरवी अळी कोबीच्या पानाची अशी चाळण करते की गड्डा बाजारात न्यायच्या लायकीचा उरत नाही. धक्का लागताच ती वळवळत मागे सरते आणि रेशमाच्या धाग्याला लोंबकळते. ही अळी कोबीचं विष कसं पचवते, याचा उलगडा जर्मनीतल्या येना इथल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००२ साली केला. अळीच्या आतड्यातलं एक विकर ग्लुकोसिनोलेटवरचा सल्फेटचा तुकडा आधीच तोडून टाकतं. मग मायरोसिनेजला करण्यासारखं काही उरतच नाही. पांढऱ्या फुलपाखराची अळी वेगळी वाट काढते: ती तेल होऊ देण्याऐवजी त्याचं कमी घातक नायट्राइल करते. कोबीवरचा मावा तर सर्वांवर कडी करतो. तो ही द्रव्यं अंगात साठवतो, स्वतःचं विकरही बाळगतो आणि त्याला खायला आलेल्या कीटकालाच झणका देतो.

गंमत पुढेच आहे. जे विष पचलं, तेच पत्ता सांगू लागलं. १९१० साली फेरशाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने, पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या एरवी ज्यांना तोंड लावत नाहीत अशा पानांना मोहरी कुळातल्या वनस्पतीचा रस फासला. अळ्यांनी ती खाल्ली. चौकोनी ठिपक्यांची मादीसुद्धा याच वासावर अंडी घालायची जागा हेरते.

फवारणीचा इतिहास फारसा सुखावह नाही. जावा बेटावर १९५३ मध्येच हा पतंग डीडीटीला दाद देईनासा झाला. १९९० साली हवाईतल्या शेतांमधून बातमी आली की बीटी जिवाणूच्या फवाऱ्यालाही तो पुरून उरतोय. उघड्या शेतात हे करून दाखवणारी ही पहिल्या किडींपैकी एक. उष्ण हवेत याची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते, वर्षात वीसपर्यंत पिढ्या. दर फवारणीत जे वाचतात त्यांचीच पुढची पिढी शेत व्यापते. तेव्हा आठवड्याला दोन औषधं मिसळून मारणं हे माझ्या मते पैसे देऊन चिवट पतंगांची पैदास करणं आहे.

मग रोपालाच प्रतिकारक्षम का करू नये? या प्रश्नाचं एक देखणं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलेल्या फ्लॉवरच्या एका वाणात मिळालं. त्याच्या पानांवर नेहमीचा निळसर-पांढरा मेणाचा थर नव्हता, पानं चकचकीत हिरवी होती. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या केंद्रात हा गुण कोबीत उतरवला गेला. मजा अशी की या पानात विष वाढलेलं नव्हतं. नुकती जन्मलेली अळी अशा पानावर बसून पोखरायच्या ऐवजी नुसती भटकत राहते आणि तिची बहुतेक भावंडं त्या भटकंतीतच संपतात. शिवाय मेणावर पाय घसरणाऱ्या शिकारी कीटकांना इथे नीट चालता येतं. पण मेण काही उगाच नसतं. ते गेलं की पाठीमागच्या पायांवर टणकन उडणारे, पानांना बारीक भोकं पाडणारे भुंगेरे अशाच पानांवर तुटून पडतात. एक दार बंद करताना दुसरं उघडलं गेलं.

म्हणून मला बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची युक्ती जास्त पटते. त्यांनी मादीच्या नाकाशीच सौदा केला. कोबीच्या दर २५ ओळींच्या दोन्ही बाजूंना मोहरीची ओळ. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी प्यारी, त्यामुळे अंडी तिकडे पडतात. मोहरीची एक ओळ कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस पेरायची, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी, कारण पहिली तोवर म्हातारी होते. मुख्य पिकाला लागेल तेव्हा निंबोळी अर्क. मात्र मोहरीवर जमलेल्या अळ्या वेळेवर मारायला हव्यात, नाहीतर तीच ओळ किडीचं पाळणाघर होते. थंड देशांत उगवणारी बार्बेरिया नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती ते कामसुद्धा स्वतःच करते. मादी तिच्यावर आवडीने अंडी घालते, पण पानातल्या सॅपोनिनमुळे अळ्या जगत नाहीत.