इंजिनाला न गिळता आलेली हवा

अमेरिकेत सुपरचार्जर बसवलेल्या जुन्या मस्टँग गाड्यांचे शौकीन 'चार पौंडांची पुली' असं सर्रास बोलतात. हे पुलीचं वजन नव्हे. ती बसवली की इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब चौरस इंचाला साधारण चार पौंडांनी वाढेल, असा त्याचा अर्थ. दुकानांतही पुल्या त्याच हिशेबाने मागितल्या जातात: दोनची, चारची, सहाची. गिऱ्हाइकाला हे सोपं पडतं, विकणाऱ्यालाही. पण पुली निवडायची ही रीत मला अर्धवट वाटते. या सगळ्या व्यवहारात दाबाच्या आकड्याइतका फसवा आकडा दुसरा नाही.

इंजिनाची ताकद किती, हे ते किती हवा आत घेतं यावर ठरतं. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं. ते जाळायला लागणारी हवा आणायची कुठून, हा खरा प्रश्न. सुपरचार्जर ती जबरदस्तीने आत ढकलतो. त्याचा एक प्रकार मुळात मोटारीसाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी 1860 मध्ये एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन रोटरांच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि पुढे अशी यंत्रं भट्ट्यांना हवा पुरवू लागली. मोटारीत हे यंत्र फिरवतो इंजिनाचाच क्रँकशाफ्ट, आणि दोघांना जोडतो एक पट्टा. पायाने चालवायच्या शिलाई मशीनसारखीच ही रचना: खाली मोठं चाक, वर लहान. वरचं चाक जितकं लहान, तितके त्याचे फेरे जास्त. सुपरचार्जरवरची पुली लहान करणं म्हणजे एवढंच. 1929 च्या सुमाराच्या 'ब्लोअर' बेंटलीत तर निवडायला पुलीच नव्हती. सुपरचार्जर थेट क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला जोडलेला होता. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना तो प्रकार मुळीच पसंत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आता एका गाडीचा हिशेब मांडून पाहू. 2015 ची डॉज चॅलेंजर हेलकॅट. इंजिन 6.2 लिटरचं, ताकद 707 अश्वशक्ती. तिचा स्क्रू जातीचा सुपरचार्जर एका फेऱ्यात सुमारे 2.38 लिटर हवा पुढे ढकलतो आणि क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्याला स्वतः 2.36 फेरे घेतो. म्हणजे क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यामागे 5.6 लिटर हवा. चार स्ट्रोकचं इंजिन आपलं पूर्ण पोट भरायला दोन फेरे घेतं, म्हणून एका फेऱ्याला ते गिळू शकतं फक्त 3.1 लिटर. भागाकार केला की 1.8 येतात. वातावरणाच्या 1.8 पट दाब म्हणजे वातावरणाहून 0.8 पट जास्त, पौंडांत सांगायचं तर साधारण पावणेबारा. कंपनीने जाहीर केलेला कमाल दाब आहे 11.6 पौंड. थोडी हवा रोटरांच्या फटींतून मागे निसटते, थोडा दाब उष्णतेने वाढतो. हे दोन्ही बाजूला ठेवून केलेला ढोबळ हिशेब इतका जवळ येतो.

या भागाकारातच सगळी मेख आहे. किती हवा ढकलायची ते पुली ठरवते. दाब किती दिसायचा ते इंजिन ठरवतं. ढकललेली हवा आणि गिळलेली हवा यांतला फरक म्हणजे दाब. सिलिंडर हेडमधल्या वाटा मोकळ्या केल्या, एक्झॉस्ट सुटसुटीत केला, तर त्याच पुलीवर गेजचा काटा खाली येतो आणि गाडी मात्र जास्त जोरात पळते. याच्या उलट, हवा थंड करणारा इंटरकूलर नीट काम करेनासा झाला तर हवा तापते, फुगते आणि काटा वर चढतो. गेजकडे पाहून खूश होणारा मालक अशा वेळी बिघाडावर खूश होत असतो.

दहा टक्के लहान पुली बसवली तर काय होईल? सुपरचार्जरचे फेरे आणि हवा दोन्ही सुमारे 11 टक्क्यांनी वाढतील. क्रँकशाफ्ट मिनिटाला 6,200 फेरे घेत असताना हेलकॅटचा मूळ सुपरचार्जर 14,600 फेरे घेतो. नव्या पुलीवर ते 16,200 च्या वर जातील. दाब 11.6 वरून साडेचौदाच्या आसपास येईल. म्हणजे ही झाली 'तीन पौंडांची पुली'. इथपर्यंत दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. पुढचं तो सहसा सांगत नाही.

हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना हाताला कळतं तशी. बाहेर 30 अंश सेल्सिअस तापमान असेल आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर 1.8 पट दाबलेली हवा 110 अंशांच्या घरात जाते. दुप्पट दाबलेली हवा 125 च्या. हे 15 अंश इंटरकूलरने खेचून काढायचे असतात, आणि कंपनीने तो मूळ पुलीच्या हिशेबाने बनवलेला असतो. जमलं नाही तर तापलेलं मिश्रण ठिणगीने पेटल्यावर ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यात आपसूक भडकतं. हेच नॉकिंग. आधुनिक गाडीचा संगणक ते ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ज्या ताकदीसाठी पैसे मोजले तीच परत जाते.

दुसरा खर्च सुपरचार्जर फिरवण्याचा. पूर्ण जोरावर हेलकॅटचा सुपरचार्जर क्रँकशाफ्टकडून सुमारे 80 अश्वशक्ती घेतो. लहान मोटारीचं अख्खं इंजिन एवढ्या ताकदीचं असतं. हवा 11 टक्के वाढली तरी हा खर्च 11 टक्क्यांवर थांबत नाही. हवाही जास्त आणि दाबही जास्त, त्यामुळे तो जवळजवळ एकतृतीयांशाने वाढून 105 च्या आसपास जातो. तरीही एकूण जमाखर्चात फायदाच उरतो, नाहीतर कोणी पुली बदललीच नसती. पण प्रत्येक पुढच्या पायरीला तो आटत जातो.

आणि हा सगळा भार वाहतो कोण? रबराचा एक पट्टा. क्रँकशाफ्टची पुली 18 सेंटिमीटर व्यासाची धरली तर 6,200 फेऱ्यांना पट्टा सेकंदाला 58 मीटर धावतो, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर. त्या वेगाने 80 अश्वशक्ती पोचवायची तर पट्ट्याच्या ताणलेल्या आणि सैल बाजूंतला फरक 100 किलोच्या वजनाएवढा होतो; लहान पुलीवर 130 च्या पुढे. पुली लहान झाली, पट्ट्याला टेकायला जागा कमी उरली, म्हणून तो घसरतो, असं आपल्याला वाटतं. पण गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेल्या पकडीच्या सूत्रात पुलीच्या व्यासाचा पत्ताच नाही. पकड ठरते ती पट्टा पुलीभोवती किती अंशांत लपेटला आहे त्यावर, आणि कोन थोडा घटला तरी ती बरीच घटते. म्हणून अनुभवी कारागीर पुलीबरोबर आयडलरची, म्हणजे पट्ट्याला वळण देणाऱ्या मोकळ्या चाकाची, जागाही बदलतात, लपेट वाढवतात. नवखे नुसता ताण वाढवतात. मग पट्टा टिकतो आणि सुपरचार्जरच्या नाकाशी असलेलं बेअरिंग जातं.

पट्टा घसरतोय हे ओळखणं अवघड नसतं. बॉनेट उघडलं की पुलीच्या आसपास काळी पूड बसलेली दिसते, पट्ट्याच्या धारा काचेसारख्या चकाकतात. लॅपटॉपवर नोंद काढली तर फेरे वाढत असताना दाब वाढायचा सोडून वरच्या टोकाला खाली वळतो. घाईने पुली बदलणाऱ्यांसाठी आणखी एक: बऱ्याच पुल्या शाफ्टवर दाबून बसवलेल्या असतात. त्या पुलरने ओढून काढायच्या, हातोड्याने ठोकून नव्हे. ठोक्याने शाफ्ट सरकला तर रोटरांमधली केसाएवढी फट बिघडते.

मग खालची, क्रँकशाफ्टवरची पुलीच मोठी केली तर? पकडीच्या दृष्टीने हा मार्ग चांगला. पट्ट्याचा वेग वाढतो, त्यामुळे तेवढीच ताकद कमी ताणात पोचते. अडचण अशी की ही पुली पुष्कळदा नुसती पुली नसते. क्रँकशाफ्टला बसणारे पिळाचे हादरे शोषणारा डँपरही तोच असतो. शिवाय एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप असेल तर त्यांचेही फेरे उगाच वाढतात.

गाव कुठलं, यावरही निवड बदलते. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटर उंच आहे, तिथली हवा सुमारे 17 टक्के विरळ. सुपरचार्जर फक्त पट जाणतो, 1.8 पट तिथेही 1.8 पटच, पण मूळ रक्कम लहान. त्यामुळे 11.6 पौंडांची गाडी तिथे साडेनऊच्या आसपास दाखवेल. डेन्व्हरच्या माणसाने थोडी लहान पुली घेतली तर तो चैन करत नाही, भरपाई करतो. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉईसच्या मर्लिन इंजिनाला हाच प्रश्न आकाशात पडला होता. तिथे पुल्या बदलायला कोण जाणार? म्हणून सुपरचार्जरला दोन वेगांचे गियर दिले. 1942 मध्ये आलेल्या स्पिटफायर मार्क नाइन विमानाच्या मर्लिनमध्ये तर दोन टप्पे, दोन वेग आणि मध्ये हवा थंड करायची सोय, असं सगळंच होतं.

हेलकॅटमध्ये पुली बदलून संगणकाला काही सांगितलं नाही तर कदाचित काहीच होणार नाही. दाब मर्यादेत ठेवायला तिथे विजेवर चालणारा बायपास व्हॉल्व्ह आहे. जास्तीची हवा तो मागे वळवू शकतो. तापलेली हवा पुन्हा तापवण्यात तेवढं पेट्रोल जाईल.

खुद्द डॉजने जास्त दाब हवा झाला तेव्हा काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. 2018 च्या डीमनमध्ये त्यांनी सुपरचार्जरच 2.7 लिटरचा बसवला. दाब गेला 14.5 पौंडांवर, म्हणजे आपल्या दहा टक्के लहान पुलीएवढाच. आणि हवा थंड ठेवायला गाडीच्या एसीचं शीतक इंटरकूलरच्या कामाला जुंपलं. शर्यतीपुरता चालक घामाघूम झाला तरी चालेल, हवा थंड हवी. 2023 च्या डीमन 170 मध्ये सुपरचार्जर तीन लिटरचा झाला, कमाल दाब 21.3 पौंड. या गाडीत 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन भरलं तर ती 1,025 अश्वशक्ती देते. इथेनॉलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता भरपूर शोषतं आणि नॉकिंग लांब ठेवतं. दहा टक्के इथेनॉलचं साधं पंपावरचं पेट्रोल भरलं तर, पुलीला हात न लावता, तीच गाडी 900 वर येते.