बेट आणि त्याचा शेजार : घारापुरी

“चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट” ही व्याख्या केदारखेड्याचा विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितो. परंतु पूर्णेच्या पुराहून मोठे पाणी ज्याने पाहिले नाही, त्या मुलास बेटावरील जीवनाची कल्पना कशी यावी? यास्तव शिक्षकांनी व्याख्येपाशी न थांबता एखादे वस्तीचे बेट वर्गापुढे उभे करावे. मुंबई बंदरातील घारापुरी हे त्यास उत्तम उदाहरण होय.

घारापुरी हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. मुंबईच्या गेटवेपासून ते सुमारे १० किलोमीटरांवर असून होडीने तेथे पोहोचण्यास तासभर लागतो. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर अशा तीन वस्त्या तेथे आहेत. येथील कोरीव लेण्यांचा १९८७ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. लेणी पाहावयास येणाऱ्या प्रवाशांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. सोमवारी लेणी बंद असतात. समोर मुंबईचे असंख्य दिवे रोज झगमगत असता या बेटास मात्र कायमची वीज मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले. समुद्रतळाखालून सुमारे साडेसात किलोमीटर तार टाकल्यावर ती आली. तोपर्यंत जनित्रावर संध्याकाळचे काही तासच दिवे लागत. अंतर थोडे असले तरी मध्ये पाणी असले म्हणजे काय होते, हे यावरून ध्यानी येते.

आता या बेटाचा शेजार पाहू. पश्चिमेस मुंबईत नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय व गोदी आहे. दक्षिणेस उरणजवळ करंजा येथे नौदलाचे ठाणे आहे. घारापुरीच्या डोंगरावरही इंग्रजी अमदानीतील तोफा आहेत. बंदराच्या रक्षणार्थ त्या बसविल्या होत्या. समुद्र सर्वांचा एकच असल्यामुळे युद्धनौका, मालवाहू जहाजे, मच्छीमारांच्या होड्या आणि प्रवासी बोटी एकाच जलमार्गावरून ये-जा करितात.

या सान्निध्याची जबाबदारी किती मोठी आहे, हे १८ डिसेंबर २०२४ रोजी दुःखदरीत्या प्रत्ययास आले. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीस, इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली. त्यात १५ जणांचा मृत्यू झाला. मृतांत नौदलाचा कर्मचारीही होता आणि लहान मूलही होते. आसपासच्या नौका धावून आल्या, म्हणून शेकडा प्रवासी वाचले. देशरक्षणासाठी ठाणे हवे, बेटकऱ्यास वाटही हवी. दोहोंची वाट एकच असता वेगाचा संयम, चाचणीसाठी निराळी जागा आणि प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट या गोष्टी सौजन्याच्या नव्हेत, कर्तव्याच्या ठरतात.

वर्गात हा पाठ शिकविताना अंगणात खडूने बंदराचा नकाशा काढावा. काही मुलांस बेटकरी, काहींस खलाशी, काहींस नौसैनिक करावे आणि एकाच अरुंद वाटेने सर्वांस सुखरूप जावयास सांगावे. कोणी, कोठे व का थांबावे याचा निर्णय मुलांनीच करावा. मग पूर्णेला पूर आला असता पलीकडच्या वस्तीवरील रोगी, दूध व शाळकरी मुले यांचे काय होते, हे त्यांस विचारावे. उत्तरे येऊ लागली म्हणजे बेटाची व्याख्या समजली, असे खुशाल मानावे.