ग्रंथाचें तात्पर्य कसें काढावें?

मधलेंच एखादें वाक्य उचलून तेंच ग्रंथकाराचें मत म्हणून सांगण्याची खोड सुशिक्षितांतही आढळते. आमच्या मीमांसकांनीं यास्तव कसोट्या घालून दिल्या आहेत : उपक्रम व उपसंहार, म्हणजे आरंभ व शेवट, अभ्यास, म्हणजे पुनरुक्ति, अपूर्वता, म्हणजे नवीनपणा, फल, अर्थवाद, म्हणजे स्तुति-निंदा, आणि उपपत्ति, म्हणजे युक्तिवाद. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालच्या ‘गीतारहस्यां’त याच लावून पाहिल्या. अर्जुन आरंभीं युद्ध नाकारतो, शेवटीं त्यास सिद्ध होतो. तेव्हां मधल्या उपदेशाचा रोंख कर्माकडेच असला पाहिजे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. हा निष्कर्ष कोणास मान्य नसेल. पण त्यासही याच कसोट्यांनीं उत्तर द्यावें लागेल. म्हणून आमचें पालकांस एवढेंच सांगणें कीं, मुलांस शब्दार्थ पुसण्यापूर्वीं धड्याचा आरंभ व शेवट ताडून पाहावयास लावावें. लेखकावर अन्याय न करणें हीच वाचनाची पहिली पायरी होय.