विड्याची लाली आणि जाणिवेचं कोडं

पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी. विडा चावला की तोंड मात्र लाल. हा रंग आला कुठून? चार्वाक मताचा हा लाडका दाखला. तसंच पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार भूतं विशिष्ट रीतीने एकत्र आली की देहात जाणीव उपजते; वेगळा आत्मा मानायची गरज नाही. दुसरा दाखला किण्वाचा, म्हणजे आंबवणाचा: धान्यात नशा नसते, ती आंबल्यावर येते. (हे मत आपल्याला बहुतांशी विरोधकांच्याच ग्रंथांतून कळतं, ही त्यातली गंमत.)

शंकराचार्यांची हरकत अशी, की जाणीव देहाचाच गुण असेल, तर प्रेताचं रूप टिकतं तशी तीही टिकायला हवी. मला ही हरकत तितकीशी भक्कम वाटत नाही. पणती शाबूत असूनही ज्योत विझतेच की!

खरी अडचण विड्यातच आहे. लाल रंग कसा तयार झाला हे रसायनशास्त्र सांगेल, पण तो लाल ‘दिसतो’ म्हणजे आत नेमकं काय घडतं? मेंदूतल्या घडामोडींसोबत हा अनुभव मुळात का असावा? 1995 मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी याला ‘अवघड प्रश्न’ म्हटलं. जाणिवेची मेंदूतली खूण 25 वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी 1998 मध्ये त्यांच्याशी लावली. 2023 मध्ये कॉख यांनी हार मानली आणि चाल्मर्सना वाइन दिली. म्हणजे पुन्हा किण्वच!