नौकेचें इंजिन : स्वतः बांधावें कीं बांधलेलें घ्यावें ?

वाकोला हें सांताक्रूझच्या पूर्वेकडील उपनगर. तेथील रहिवाशास घरांतून समुद्र दिसत नाहीं. तथापि वाकोल्याचा नाला मिठी नदीस मिळतो, मिठी माहीमच्या खाडीस मिळते, आणि रेल्वे ओलांडून समुद्राकडे गेल्यास खार दांडा व वेसावें येथील जुने कोळीवाडे लागतात. तेथील नौका आतां शिडावर नव्हे, तर इंजिनावर चालतात. त्यामुळें शिडाच्या काळीं नसलेला एक प्रश्न नाखव्यापुढें उभा राहतो : थकलेलें डिझेल इंजिन स्वतः खोलून पुन्हां बांधावें, कीं दुसऱ्यानें बांधलेलें विकत घ्यावें ?

विचारास वेळ मोजकाच असतो. २०२५ सालीं महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीची बंदी होती. नौका किनाऱ्यावर असते तोंवरच इंजिन उघडण्याची सवड. पुढें काम लांबलें, तर नाखव्याबरोबर खलाशांच्या चुलीही थंडावतात.

इंजिन थकतें म्हणजे काय होतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. रूडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनांत ठिणगी पाडणारें साधन नसतें. पिस्टन हवेला इतकें दाबतो कीं, ती तापते आणि तींत सोडलेला तेलाचा फवारा आपोआप पेट घेतो. अर्थात् दाब हाच या इंजिनाचा प्राण होय. पिस्टनच्या रिंगा व तो ज्यांत वरखालीं सरकतो तें लायनर झिजलें म्हणजे दाब फटींतून निसटतो. इंजिन चालू होतांना अडूं लागतें. निळसर धूर ही वंगण जळत असल्याची खूण. वंगणच दुधाळ दिसलें, तर त्यांत पाणी शिरलें असें समजावें.

पुष्कळ लोक इंजिन उघडण्यापूर्वींच निर्णय करून मोकळे होतात. तसें करूं नये. आधीं माप घ्यावें. झीज रिंगा, झडपा, बेअरिंगें व लायनर एवढ्यापुरतीच असेल, तर जाणता मिस्त्री सोबतीस घेऊन घरींच काम करणें श्रेयस्कर. क्रँकशाफ्ट घासावयाचा झाल्यास तो कारखान्यांतच न्यावा लागतो; बाकीची जुळणी घरीं होऊं शकते. परंतु मुख्य ब्लॉकच तडकला असेल, किंवा खाऱ्या पाण्यानें आंतून पोखरला असेल, तर त्यावर केलेला खर्च म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेथें बांधलेलें इंजिन घेणेंच शहाणपणाचें.

मात्र घेणारानें रंगास भुलूं नये. कोणते भाग नवे घातले, क्रँकशाफ्ट किती घासला, याचीं मापें लिहून मागावीं. इंजिन भार देऊन आपल्यासमक्ष चालवून पाहावें, आणि तापल्यावर वंगणाचा दाब टिकतो कीं नाहीं तें तपासावें. मोटारगाडीसाठीं बांधलेलें इंजिन नौकेस तसेंच चालत नाहीं. गाडीस उतारावर विसावा मिळतो. नौकेच्या पंख्यास पाणी अखंड लोटावें लागतें. शिवाय इंजिन थंड ठेवण्याची योजनाही खाऱ्या पाण्यास टिकणारी हवी.

किंमतीची तुलना करतांना केवळ सुट्या भागांचा हिशेब पुरत नाहीं. घरच्या कामांत बुडणारे दिवस खर्चाच्या बाजूस लिहावे. पण मिळणारें ज्ञान जमेच्या बाजूस लिहिण्यास विसरूं नये. ज्यानें आपल्या हातानें इंजिन जोडलें, त्यास भर समुद्रांत नुसत्या आवाजावरून दोष ओळखतां येतो. इंजिन बंद पडून नौका खडकांकडे वाहूं लागली, तर पेटींतील हमीपत्र तिला अडवूं शकत नाहीं. म्हणून विकत घेतलेलें इंजिनही बसवितांना नाखव्यानें स्वतः जवळ उभें राहून त्याचा प्रत्येक भाग समजून घ्यावा. इंजिन कोणीं बांधलें, यापेक्षां तें किती जणांस उमगलें आहे, यावरच नौकेंतील माणसांची सुखरूपता अधिक अवलंबून असते.