आमच्या घरची बंदूक

गेल्या सुट्टीत मुलगा जामसरला घरी आला होता. रात्री जेवणं आटोपली तरी त्याचं मोबाइलमधून डोकं वर निघेना. ‘काय बघतोस एवढं?’ मी विचारलं. म्हणाला, ‘झोंबी.’ मला बरं वाटलं. मराठी घेऊन बी. ए. झालेला बाप, मला वाटलं, आनंद यादवांच्या ‘झोंबी’वर कुणी मालिका काढली असावी. शाळेसाठी बापाशी झोंबी घेणारा तो पोरगा आमच्या पिढीला विसरता येणार नाही. जवळ जाऊन पाहिलं, तर पडद्यावर अर्धवट सडलेली माणसं रांगेनं चालत होती आणि एक पोलिस त्यांच्यावर गोळ्या झाडत होता.

मुलाने खुलासा केला. हे झोंबी म्हणजे मेलेली, पण चालती माणसं. चावली की आपणही त्यांच्यासारखे होतो. मग मिस्कीलपणे त्याने विचारलं, ‘अब्बा, असे झोंबी जामसरला आले तर आपली बंदूक किती वेळ पुरेल?’

‘एक बार,’ मी म्हटलं. ‘मग पुन्हा ठासायला दोन-तीन मिनिटं.’

‘म्हणजे आपण मेलोच!’

तो हसला, मीही हसलो. पण त्या हसण्यातून जे डोक्यात राहिलं, ते आज तुमच्याशी बोलायचं आहे.

कविता लिहिणाऱ्याच्या घरी बंदूक कशी, असं तुमच्या मनात आलं असेल. बंदूक माझ्या वडिलांची. आमचं छोटं दुकान आणि थोडी भातशेती. शेत जंगलाला लागून. रानडुकरांचा कळप एका रात्रीत शिरला की सकाळी उभं भात चिखलात झोपलेलं. म्हणून अब्बांनी शेतीसंरक्षणाचा परवाना काढला आणि एकनळी ठासणीची बंदूक घेतली. आज काडतुसाच्या बंदुकीची सवय असलेल्यांना ठासणीची माहीत नसते, म्हणून सांगतो. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची. तिच्यावर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा. मग छर्रे, त्यावर पुन्हा बोळा. शेवटी मागे घोड्याखाली टोपी बसवायची. एवढं केल्यावर एक बार. आणि पावसाळी हवेने दारू सर्दावली असेल, तर तोही नाही.

बंदूक बाळगणाऱ्याचं आयुष्य सिनेमात दिसतं तसं नसतं. ते बरंचसं झाडपूस करण्यात आणि कागद सांभाळण्यात जातं. काळी दारू जळली की नळीत जी राख राहते, ती लोखंड खाते. म्हणून बार काढल्यावर अब्बा नळीत गरम पाणी ओतून ती धूत, फडक्याने कोरडी करत आणि आतून तेलाचा हात फिरवत. बंदूक एका ठिकाणी कुलपात, दारू दुसऱ्या ठिकाणी. परवान्याचं पुस्तक मात्र शाळेच्या दाखल्यांबरोबर, पत्र्याच्या पेटीत.

या परवान्याबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानडुकरावर गोळी झाडायची तरी वनखात्याची परवानगी लागते. अब्बांनी काढलेले बहुतेक बार हवेत गेले. आवाज झाला की कळप रानाकडे पळे, आणि काम तिथेच संपे. आणखी एक गोष्ट. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. बंदूक भिंतीवर असली तरी घरातल्या दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नसतो.

निवडणूक आली की बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायची, हाही या आयुष्याचा भाग. आता सरसकट सगळ्यांकडून शस्त्रं न घेता, कुणाची घ्यायची हे छाननी समितीने ठरवावं, असा नियम आहे. तेव्हा बंदूक गोणपाटात गुंडाळून जव्हारला न्यायची, पावती घ्यायची आणि निकालानंतर परत आणायची. गंमत अशी की २००४, २००९, २०१४, २०१९ या चारही विधानसभा निवडणुकांचं मतदान ऑक्टोबरात झालं. आणि ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे भात पिकण्याचा महिना. शेताच्या राखणीसाठी घेतलेली बंदूक नेमकी राखणीच्या दिवसांत ठाण्यात!

त्यातल्या २००४ च्या ऑक्टोबरची एक रात्र मी विसरलेलो नाही. बंदूक जमा होती. आमच्या शेजारचे वारली शेतकरी अब्बांना म्हणाले, ‘चाचा, बंदूक नाही तर माणूस बसवा.’ म्हणून आम्ही आळीपाळीने माळ्यावर बसू लागलो. हाताशी एक रिकामा तेलाचा डबा आणि काठी. त्या रात्री मी आणि अब्बा होतो. उत्तररात्री भातात सळसळ झाली. बांधाच्या कडेला एक काळा ठिपका वाकून पुढे सरकत होता. मधूनच थांबे, पुन्हा सरके. डुकराशिवाय दुसरं काही असेल, अशी मला शंकाही आली नाही. मी जिवाच्या आकांताने डबा बडवला.

ठिपका उभा राहिला. डोक्यावरून घोंगडी घेतलेला माणूस होता. शेजाऱ्यांचाच मुलगा, बांध फुटून पाणी कुठे जातंय ते चाचपत आलेला. ‘चाचा, मी आहे, मी!’ तो ओरडला. मग तोच माळ्यावर आला, आमच्याजवळची बिडी पेटवली आणि डब्याच्या आवाजाने आपली कशी गाळण उडाली ते सांगत हसत बसला.

मला हसू येईना. बंदूक त्या रात्री घरी असती, तर परवाना कुणाच्या नावावर आहे हे मी पाहिलं नसतं. म्हाताऱ्या बापाला कशाला त्रास, म्हणून मीच ती उचलली असती. आणि मला खात्री होती ना! अब्बांनी ते ओळखलं असावं. पहाटे खाली उतरताना ते एवढंच म्हणाले, ‘दिसलं म्हणजे ओळखलं, असं नसतं बेटा.’

बंदुकीवरून जगात जो वाद चालतो, तो बहुधा हक्काच्या भाषेत चालतो. आपल्याकडेही तो होऊन गेला आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली, युरोपियनांना मात्र सूट ठेवली. त्या अपमानाची सल मोठी होती. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. शस्त्र हा प्रत्येकाचा हक्क ठरवला तर तो चोरालाही नाकारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. त्यामुळे १९५९ चा आपला शस्त्र कायदा बंदूक हा हक्क मानत नाही, परवानगी मानतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, आणि लग्नावरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा गुन्हा ठरवला.

अमेरिकेचा रस्ता वेगळा. तिथल्या घटनेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे, आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार तिथे दर १०० माणसांमागे नागरिकांच्या हाती सुमारे १२० बंदुका होत्या. आपल्याकडे बेकायदा धरूनही ५ च्या आसपास.

माझा मुलगा पाहत होता ती मालिका त्याच देशातली, ‘द वॉकिंग डेड’. २०१० ते २०२२, अकरा पर्वं चालली. तिकडच्या बंदूकवाल्यांना झोंबींचं इतकं वेड लागलं होतं, की एका कंपनीने झोंबींच्या नावाने काडतुसं विकायला काढली. का, ते मला मालिका पाहताना समजलं. झोंबीला मारताना मनाला टोचणी लागत नाही. त्याला नाव नाही, आई-बाप नाहीत, त्याच्यासाठी रडणारं कुणी नाही. समोरचा माणूस नाहीच, हे आधीच ठरलेलं असतं. उरतो फक्त नेम.

पण त्याच मालिकेत एक खरी गोष्टही दाखवली आहे. बंदुकीचा आवाज झाला की आजूबाजूचे आणखी झोंबी गोळा होतात. म्हणून शहाणी माणसं बंदूक शेवटी काढतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हीच लाट धरून ‘झोंबी आले तर काय तयारी कराल?’ असं लोकांना गमतीने सांगितलं. वादळ-पुराची तयारी लोकांनी करावी, हा खरा हेतू. त्यांच्या यादीत पाणी होतं, अन्न होतं, औषधं, कागदपत्रं, इतकंच काय बॅटरीवरचा रेडिओही होता. बंदूक नव्हती. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला ही यादी आवडणारच!

या साऱ्या झोंबीपटांचा मूळपुरुष म्हणजे जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. मुलाने मला तोही दाखवला. त्यात एक कृष्णवर्णीय तरुण रात्रभर एका घरात झोंबींशी झुंजतो आणि वाचतो. सकाळी बंदुका घेतलेली माणसं मदतीला येतात. खिडकीत कुणीतरी हललेलं त्यांना दिसतं. झोंबीच समजून ते गोळी घालतात. रात्रभर भुतांनी न मारलेला माणूस सकाळी माणसांच्या हातून मरतो.

सिनेमा संपला आणि मला माळ्यावरची रात्र आठवली. दुसरीही एक गोष्ट आठवली, आमच्याच पालघर जिल्ह्यातली. २०२५ च्या जानेवारीअखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. झाडीत हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली गेली, आणि ती त्यांच्यातल्याच माणसाला लागली. तो गेला. भीतीपोटी मृतदेह जंगलात लपवल्याचं पोलिस तपासात पुढे आलं. बातमी वाचून मी दिवसभर दुकानात नीट बोललो नाही. ज्याच्या हातून बार सुटला, त्यालाही माझ्यासारखीच खात्री वाटली असणार. माझ्या हातात त्या रात्री फक्त डबा होता, एवढाच फरक.

चूक होण्यासाठी बंदूकच लागते, असंही नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेने जमाव जमला आणि दोन साधू व त्यांचा चालक असे तीन जीव गेले. तिथे बंदूक कुठे होती? समोरच्याला न ओळखताच तो कोण आहे हे ठरवून टाकणं, हा रोग जुना आहे. बंदूक त्या चुकीला एवढंच करते, की ती दुरुस्त करायला वेळ ठेवत नाही. आणि मी हे थोडं जास्त समजू शकतो. नाव ऐकताच आपल्याबद्दल समोरच्याने काहीतरी ठरवून टाकलं आहे, हा अनुभव मला प्रवासात, भाड्याचं घर शोधताना अनेकदा आला आहे. घोंगडीखाली कोण आहे, हे विचारायला फार थोडे थांबतात.

आमच्या जव्हार-मोखाड्यात यावर एक जुना उतारा आहे. होळीनंतरच्या दिवसांत इथे बोहाडा होतो. मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर, मोठमोठे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. गणपतीपासून रावणापर्यंत. राक्षसाचं सोंग आलं की लहान मुलं आईच्या पदरात शिरतात. पण दोन-तीन वर्षांची झाली की त्यांनाही कळतं, आत आपला मामा आहे. पहाटे राक्षस मुखवटा उतरवतो, घाम पुसतो आणि ओट्यावर बसून चहा पितो. झोंबीच्या मुखवट्याआड कुणीच नसतं. बोहाड्याच्या प्रत्येक मुखवट्याआड कुणीतरी ओळखीचं असतं.

अब्बा २०१७ मध्ये गेले. बंदूक ठाण्यात जमा झाली. वारस म्हणून मी रीतसर अर्ज केला आणि ती घरी आणली. तेव्हापासून मी दर महिन्याला तिला तेलाचा हात देतो, पण बार काढलेला नाही. आता परवान्याच्या मुदतीचा प्रश्न पुन्हा आला आहे. मुलगा म्हणतो, ‘पुढे माझ्या नावावर होईल ना?’ कायद्यात तशी सोय आहे. धारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिली, की ती वारसाला देण्यासाठी अर्ज करता येतो.

मी त्याला नाही म्हटलेलं नाही. फक्त एक अट घातली आहे. आधी भाताचा एक पूर्ण हंगाम माळ्यावर काढायचा. रात्री, एकट्याने, हातात तेलाचा डबा घेऊन. बंदुकीचं मग पाहू.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)